पहिला खंड, दुसरा खंड आणि पित्ताचा खडा

माणूस दारातून आत आला, त्याने पायपुसण्यावर पाय घासले आणि छत्री कोपऱ्यात उभी केली, की तेवढ्यात मला कळतं, याला कोणतं पुस्तक द्यायचं. ही बढाई नाही. आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात प्रत्येक कर्मचाऱ्याला शिफारशीची एकेक फळी दिलेली आहे. बालविभागातल्या ताईंच्या फळीवर पऱ्या आणि प्राणी असतात. ग्रंथपाल बाईंच्या फळीवर थोरांची चरित्रं आणि धूळ असते. आणि माझी फळी? ती दुपारपर्यंत रिकामी! दुधाचे दात पडलेल्या पोरापासून कवळी लावलेल्या आजींपर्यंत सगळे माझ्याच टेबलाशी येऊन म्हणणार, "काहीतरी छान द्या हो."

याचं गुपित साधं आहे. मी लहानपणापासून कीर्तनाचा वेडा. बुवा कथा अशी रंगात आणतात, की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा, आणि नेमके तिथेच थांबून गाणं धरतात. मग कोणाची टाप आहे उठून घरी जायची? मीही पुस्तक तसंच सांगतो. बंद खोलीचं दार करकरत उघडायला लागलं, की पुस्तक मिटून वाचकाच्या हातात ठेवतो. शेवट सांगायचा नाही, हा माझा नेम. सांगायचाच नाही म्हटल्यावर मी शेवटाचा विचारही करत नाही.

तिथेच घात झाला.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी आमचे पोस्टमास्तर आजोबा आले. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून पुस्तकावर शिक्का नीट उमटला नाही तर माझ्या हातातून घेऊन स्वतः मारतात. म्हणाले, "उद्या इस्पितळात दाखल होतोय. पित्ताशयात खडा आहे. परवा सकाळी ऑपरेशन. पडल्यापडल्या वाचायला काहीतरी द्या."

मी फळीकडे बघितलंसुद्धा नाही. हात आपोआप गेला तो दोन खंडांच्या रहस्यकथेवर. बर्फाच्या कारखान्याचा मालक आतून बंद केलेल्या खोलीत गोठून मेलेला सापडतो, हातात जळती मेणबत्ती! मुनीम घाबरलेला, बहीण गप्प, ड्रायव्हर फरार, आणि घरचे जुने डॉक्टर सगळ्यांना धीर देतायत. मी सांगत गेलो. आजोबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. मेणबत्तीपाशी मी थांबलो.

"दुसरा खंड?" त्यांनी विचारलं.

"बाहेर गेलाय. तुमचा पहिला संपेपर्यंत येतोच."

खंड पिशवीत घालून आजोबा गेले. मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो आणि बायकोला सांगितलं, "आज एका आजाऱ्याची सेवा घडली."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी टेबलावरचा फोन वाजला. आजोबांची मुलगी बोलत होती. शाळेत शिकवते, आवाज नेहमी चढा. त्या दिवशी मात्र कुजबुजत होती.

"काका, तुम्ही बाबांना काय दिलंत हो वाचायला?"

"का? आवडलं नाही?"

"पहाटे पहिला भाग संपवला. आता दाराशी स्ट्रेचर उभं आहे आणि ते चढत नाहीत. म्हणतात, खून कोणी केला ते कळल्याशिवाय मी टेबलावर जाणार नाही. भूल देणारे डॉक्टर दुपारी दुसऱ्या गावी जाणार. सर्जन म्हणतात, आज नाही झालं तर पित्ताशय आतल्या आत फुटेल. काका, काहीही करा, पण शेवट सांगा त्यांना."

"एवढंच ना? देते का फोन त्यांच्याकडे? त्यात काय, खून केला तो..."

आणि माझी जीभ टाळूला चिकटली.

खून डॉक्टरने केलेला होता. घरच्या जुन्या, प्रेमळ डॉक्टरने. मालकाला तपासायच्या निमित्ताने भुलीचं इंजेक्शन देऊन, मग बर्फात गोठवून!

"काका? ऐकताय ना?"

"येतो," मी म्हणालो. "मी स्वतःच येतो."

ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून बघितलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "ऑपरेशनच्या तोंडावर. पेशंटला. हे पुस्तक."

"सुरुवात चांगली आहे हो त्याची."

"दुसरा खंड कोणाकडे आहे?"

माझ्याकडे येणारा वाचक आणि त्याला दिलेलं पुस्तक मला तोंडपाठ असतं. मी डोळे मिटले. उंच गृहस्थ, हात सारखे धुऊन पांढरे पडलेले, घाईत आलेले, पहिला खंड दोन बैठकींत संपवून दुसरा नेलेला... मी डोळे उघडले.

"बाई, तो त्याच इस्पितळातल्या सर्जनकडे आहे."

"जा," बाई म्हणाल्या. "आणि तुमचा तो नेम इथेच ठेवून जा."

वाटेत देवाचं नाव घेत होतो, पण मधे मधे मुनीम येत होता. इस्पितळाच्या दारात सिस्टरने अडवलं. "पेशंट तुमचे कोण?"

"वाचक," मी म्हणालो.

तिला ते नातं समजलं नसावं, पण माझा चेहरा बघून तिने सोडलं.

आधी सर्जनची खोली गाठली. दार ढकललं तर डॉक्टर हिरव्या कपड्यांत बसलेले, आणि त्यांनी झटकन एक्स-रेखाली काहीतरी सरकवलं. एक्स-रेच्या कडेने आमच्या ग्रंथालयाचा शिक्का डोकावत होता.

"तुम्ही!" ते म्हणाले. "मुदत संपली का? अहो, थोडीच पानं राहिलीत. पेशंट हट्टाला पेटलाय म्हणून जरा वेळ मिळाला."

"डॉक्टर, पेशंटला हेच पुस्तक हवंय."

मी खुलासा केला. ते हसले नाहीत. घड्याळाकडे बघितलं आणि आवाज एकदम बदलला. "हे बघा, त्या म्हाताऱ्या गृहस्थांची तब्येत थट्टेवारी नेण्याजोगी नाही. पुस्तक न्या, शेवट सांगा, माणूस मला टेबलावर हवाय. फक्त मला ऐकू येईल असं सांगू नका. माझा मुनीमावर संशय आहे. एक ते डॉक्टर तेवढे सरळ. त्या घरात दुसरा धड माणूस नाही."

मी मान हलवली. दुसरं काय हलवणार?

आजोबा पलंगावर बसले होते, अंगात इस्पितळाचा झगा, पाय खाली सोडलेले, दोन्ही हातांनी पलंगाची कड घट्ट धरलेली. मुलगी उशाशी. स्ट्रेचरवाला भिंतीला टेकलेला. शेजारच्या पलंगावर पायाला प्लास्टर घातलेला एक टेम्पोवाला. त्याने सकाळपासून आजोबांकडून अर्धी गोष्ट ऐकलेली.

"आले बघा शेवट घेऊन," टेम्पोवाला म्हणाला. "ड्रायव्हरचं नाव घेऊ नका हां. आमच्या जातभाईवर उगाच आळ."

"पुस्तक दाखवा," आजोबा म्हणाले. मी दाखवलं. "हं. आता सांगा. मला स्ट्रेचरवर चढवायला म्हणून काहीतरी ठोकून देऊ नका."

खोटं सांगावं, असं मनात आलं होतं. नाकारत नाही. मुनीमाच्या गळ्यात मारलं असतं तर सगळेच सुटले असते. पण म्हातारा माणूस जीव मुठीत धरून माझ्या तोंडाकडे बघतोय, आणि मी त्याला खोटं सांगून आत पाठवायचं? जीभ रेटेना. मग जे येतं तेच केलं. मी उभा राहिलो आणि दुसरा खंड सांगायला लागलो.

ड्रायव्हर सापडला. बहिणीच्या खोलीत किल्ली मिळाली. मुनीम रात्री बर्फाच्या लाद्या मोजत होता. बोलता बोलता मी कुठे आहे हेच विसरलो. सिस्टर औषधाचा ट्रे हातात धरून थबकली. स्ट्रेचरवाला स्ट्रेचरवरच बसला. दाराशी डॉक्टर कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. वाचून झालेला भाग आहे म्हणून ऐकत होते.

"...आणि गुप्तहेराने सगळ्यांना त्या गोठलेल्या खोलीत उभं केलं. त्याने मेणबत्ती पेटवली. म्हणाला, खुनी याच खोलीत आहे. त्याने हात वर केला, बोट पुढे केलं..."

माझं बोटही पुढे झालं होतं. ते नेमकं डॉक्टरांकडे होतं. त्यांच्या बाजूला सिस्टर, तिच्या ट्रेमध्ये सुई. समोर आजोबा, पलंगाची कड धरलेले.

मी बोट खाली घेतलं. पुस्तक मिटलं.

"पुढे?" आजोबा म्हणाले.

"पुढचं तुम्ही शुद्धीवर आल्यावर."

"अहो, हा काय अन्याय आहे!" टेम्पोवाला ओरडला. "मी तर आत्ता शुद्धीवर आहे!"

मुलीने माझ्याकडे असं बघितलं, की शाळेतली पोरं तिला का घाबरतात ते समजलं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी परत आलोच नाही तर?"

"तर हा खंड मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. तुमच्या नावाने ठेवीन."

ते हसले की खोकले, सांगता येत नाही. पण कड सोडली. स्ट्रेचरवाल्याला म्हणाले, "उठ बाबा, जागा दे," आणि स्वतःच्या पायांनी चालत जाऊन त्यावर आडवे झाले.

ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. वरचा लाल दिवा लागला. मी आणि मुलगी बाकावर बसलो. दिवा काही विझेना. एकदा सिस्टर लगबगीने बाहेर आली, काहीतरी घेऊन तशीच आत गेली. मुलीने माझी बाही धरली, आणि ती धरली आहे हे तिच्या लक्षातही नव्हतं. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, यांना परत आण, मी उरलेला जन्म फक्त बागकामाची पुस्तकं देईन.

"काका," ती हळूच म्हणाली, "बोलत राहा काहीतरी. खुनी कोण हो?"

मी सांगितलं. कशाने मारलं, तेही सांगितलं.

तिने माझी बाही सोडली.

"हे," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या बाबांना दिलंत?"

तेवढ्यात दिवा विझला. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा रुमाल खाली ओढला. "झालं. खडा सुपारीएवढा होता. ठीक आहेत." मुलगी रडायला लागली आणि रडता रडता तिने पुन्हा माझीच बाही धरली.

संध्याकाळी आजोबांनी डोळे उघडले. सगळे जमलो. डॉक्टरही आले, हात पाठीमागे बांधून. "सांगा आता," ते म्हणाले. "मीही ताटकळलोय."

मी पुस्तक उघडलं, घसा साफ केला.

"डॉक्टरने मारलं," आजोबा डोळे मिटूनच पुटपुटले. "भुलीच्या इंजेक्शनने."

डॉक्टरांचे पाठीमागे बांधलेले हात सुटले.

"कोणी? त्या डॉक्टरने?" सर्जन म्हणाले. त्यांना खरोखर लागलं होतं. "अहो, तो तर चांगला माणूस होता!"

"आजोबा," मी पुस्तक खाली ठेवलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"नोकरीला लागलो तेव्हाच वाचलंय मी हे."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही इतके रंगून सांगत होता. मधेच थांबवणं जिवावर आलं." त्यांनी एक डोळा उघडला. "तुम्ही देता त्यातली बरीचशी वाचलेलीच असतात. पण या वेळी पहाटे पहिला खंड संपला आणि ते इंजेक्शन आठवलं. हातपाय गार पडले. भीती वाटते म्हणून कसं सांगणार? म्हणून शेवटाचं निमित्त केलं."

"मग गेलात कसे आत?"

"तुम्ही पुस्तक मिटलंत तेव्हा तुमचा चेहरा बघितला. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. म्हटलं, दोघांपैकी एकाने तरी धीर धरायला हवा."

आता ग्रंथपाल बाईंनी नियमच घालून दिलाय. पुस्तक सांगायला लागण्याआधी वाचकाला विचारायचं, "वाचलंय का?" मी इमानेइतबारे विचारतो. बहुतेक जण म्हणतात, "हो."

मग खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "पण सांगा तुम्ही."