सात मिलिमीटर कमी

मनुष्यजातीची प्रगती मोजमापावर उभी आहे. ज्याचं माप घेता येत नाही, त्याची काळजी करायचं कारण उरत नाही. मुद्रितशोधकबाईंच्या गर्भाशयाच्या तोंडाचं माप बाविसाव्या आठवड्यात घेतलं गेलं. लांबी पंचवीस मिलिमीटर हवी होती, भरली अठरा. उरलेल्या सात मिलिमीटरच्या काळजीला त्या दिवसापासून सगळं घर लागलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंड आखूड आहे, बाळ वेळेआधी यायची भीती आहे. सिलिकॉनची मऊ कडी बसवू. तेवढाच आधार."

कडी बसवण्याआधी एक संशोधक एकोणीस पानी संमतिपत्र घेऊन आला. अंगात परकी वस्तू आली की शरीराची प्रतिकारशक्ती काय करते, हे त्याला तपासायचं होतं. (सासरी नवी माणसं आली की काय होतं, ते बाईंनी त्याला फुकट सांगितलं असतं.) पान बारावर ठळक अक्षरांत होतं, "सहभागी व्यक्तीस होणारा लाभ : नाही." इतका स्पष्ट मजकूर बाईंनी बऱ्याच वर्षांत वाचला नव्हता. त्यांनी सही केली, आणि सवयीने एक्केचाळीस चुकाही काढल्या. फक्त 'प्रतिकारसक्ती' तशीच ठेवली. ती चूक आहे याची त्यांना खात्री वाटेना.

रक्त घेतलं, कडी बसली आणि घरात उपाययोजना सुरू झाल्या. सासूबाईंनी हसण्यावर बंदी घातली. "हसलीस की जोर पडतो." नवऱ्याने, बायको दचकू नये म्हणून, दारावरची घंटा काढली. (घरी तपासायला येणारी नर्स त्यामुळे दोनदा परत गेली.) भेटीला अकरा बायका आल्या. पैकी नऊ जणींच्या ओळखीत कुणाला तरी अशीच कडी बसवली होती, आणि नऊपैकी एकीच्याही गोष्टीचा शेवट गोड नव्हता.

बाई डाव्या कुशीवर पडून प्रुफं वाचायच्या. एक हात कागदावर, एक पोटावर. आतली हालचाल जरा थांबली की त्यांचं वाचन त्याच शब्दावर थांबायचं. लाथ बसली की पुढचा शब्द. एक पान संपायला कधीकधी दुपार जायची.

सव्विसाव्या आठवड्यात पुन्हा रक्त घेतलं. संशोधक अहवाल घेऊन आला.

"पाच घटक वाढलेत, तीन कमी झालेत, दोन जिथल्या तिथे आहेत."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"लक्षणीय."

"बाळ राहील ना आत?"

"तो प्रश्न आमच्या उद्दिष्टांत नाही, ताई." त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "पण दवाखान्यात आलो की भरतीच्या यादीत आधी तुमचाच नंबर बघतो. दाखल झालात की काय म्हणून."

बाईंना त्या दिवशी झोप बरी लागली. हा परिणाम कडीचा की संशोधकाचा, याची नोंद झाली नाही.

सदतिसाव्या आठवड्यात कडी मिनिटभरात निघाली. दोन दिवसांनी बाळ झालं, पूर्ण दिवसांचं, खणखणीत आवाजाचं. श्रेयवाटप तिथेच पार पडलं. सासूबाईंच्या मते न हसण्याने झालं, नवऱ्याच्या मते घंटा काढल्यामुळे, डॉक्टरीणबाईंच्या मते कडीमुळे. संशोधक एकटाच म्हणाला, "सांगता येत नाही." त्यामुळे त्याला पुन्हा कुणी काही विचारलं नाही. पंधरा आठवडे बाळ सांभाळून धरणाऱ्या बाईंसाठी कुठल्याच तक्त्यात रकाना नव्हता.

मुलगा झाला की मुलगी, हे कळल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही, याची कल्पना आहे. वॉर्डात आलेल्या चौदा जणांनी आधी तेच विचारलं, मग वजन, मग रंग. तूर्त एवढंच कळवायचं, की बाईंना रक्त बरंच गेलं होतं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या; आता बऱ्या आहेत. तुम्हीही विचारलं नव्हतंत, तरी आपलं सांगून ठेवलं.