सूर्योदयाचे ओले कोट

लेहुआने कोट धुतले ते केवळ प्रेमापोटी. तिच्या नवऱ्याने, मकानीने, सहलीच्या कंपनीच्या व्हॅनमधून आणलेल्या त्या सहा जाडजूड कोटांना आजवरच्या तमाम पाहुण्यांच्या घामाचा आणि सनस्क्रीनचा असा काही वास येत होता, की जमीन चाटणारी त्यांची तान्ही लेक होकूसुद्धा त्यांच्याजवळ पोचल्यावर तोंड फिरवून परत रांगत गेली.

उद्या मकानी पहिल्यांदाच एकटा गाइड म्हणून सहल नेणार होता. पहाटे हालेआकालाच्या माथ्यावर, ज्वालामुखीच्या कडेवरून सूर्योदय, मग खाली उतरून समुद्रकिनारा. सहल नीट पार पडली तर नोकरी पक्की, असं मालकिणीने सांगितलं होतं. नोकरी पक्की म्हणजे हॉटेलातली रात्रपाळी बंद, आणि होकूला झोपवायला बाप घरात. सध्या होकूच्या लेखी बाप म्हणजे दिवसा घोरणारी एक मोठी उशी होती.

कोट दोरीवर घातल्यावर लेहुआला आठवलं, की आपण माउई बेटाच्या ओल्या, पावसाळी बाजूला राहतो. इथे साधा रुमालही आठवडाभर विचार करून वाळतो. यंत्रात घालावेत, तर कोटाच्या आतल्या पट्टीवर लिहिलं होतं, यंत्रात वाळवू नये.

दुपारी मकानी उठून बाहेर आला. "हे काय टपटपतंय?"

"आपलं भविष्य," लेहुआ म्हणाली.

"लेहुआ! वर पाणी गोठतं! पाहुण्यांनी काय टॉवेल गुंडाळून सूर्य बघायचा?"

"ओरडू नकोस, होकू दचकते. मागून आणते मी कुणाकडून तरी."

पण आणणार कुणाकडून? तिथल्या माणसाकडे चार फुलाफुलांचे शर्ट असतात आणि एक अंत्यविधीसाठी राखलेला. तोही फुलाफुलांचाच. लेहुआने खूप विचार करून अंकल पोनोंना फोन लावला. ते मासळीच्या शीतगृहात कामाला होते.

अंकल तासाभरात तीन कोट घेऊन हजर झाले. सोबत मुसुबींनी, म्हणजे भाताच्या वळलेल्या मुटक्यांनी, भरलेला डबा. दारात सपाता काढल्या, ऐसपैस बसले आणि म्हणाले, "हं, मग पहाटे किती वाजता निघायचं आपण?"

मकानीने लेहुआला स्वयंपाकघरात ओढलं. "'आपण' म्हणजे? सांग ना त्यांना."

"मी? ते कोट घेऊन आलेत, वर डबा घेऊन. डबा घेऊन आलेल्या माणसाला येऊ नका म्हणायचं असेल तर तू म्हण. मला याच गावात राहायचंय."

तेवढ्यात शेजारच्या नाकासोने आंटी आल्या. त्यांचा मुलगा बर्फाच्या मुलुखात शिकून आला होता. त्याची दोन जाकिटं त्यांच्या हातात होती आणि काखेत गोड पावांची परडी. परडी पाहूनच मकानीने डोळे मिटले.

"जन्मभर खालून बघतेय बाई हा डोंगर," आंटी म्हणाल्या. "म्हटलं, जाऊ कधीतरी, तो कुठे पळून जातोय! आता माझे गुडघेच पळून चाललेत."

पाच झाले. सहाव्यासाठी उरली होती ती टूटूची गोधडी. टूटू म्हणजे होकूची आजी, मकानीची आई. नीरफणसाच्या पानांच्या नक्षीची ती गोधडी तिने लग्नाआधी स्वतः शिवली होती. तसल्या गोधडीवर बसायचं नसतं, हे त्यांच्याकडची पोरं चालायच्या आधी शिकतात, बहुधा एक धपाटा खाऊन.

"ने म्हणेन मी," टूटू म्हणाली, "पण तुझे ते पाहुणे बसले तिच्यावर, तर?"

"मी सांगेन ना त्यांना, आई."

"तू? तू स्वतः दोनदा बसलायस. मीच येते."

"आई, ही कंपनीची सहल आहे, आपल्या घरचं लग्न नाही!"

"व्हॅनमध्ये बारा जागा, पाहुणे सहा," टूटू म्हणाली. "रिकाम्या जागांना सूर्योदय दाखवून काय करणारेस?"

लेहुआ होकूचं डोकं उगाचच कुरवाळत राहिली.

सकाळी ती उठली तेव्हा व्हॅन केव्हाच गेली होती. दारात पाहिलं, तर मकानीचे नवे कोरे बूट नव्हते. तिच्या गुलाबी सपाताही नव्हत्या. होत्या त्या फक्त अंकल पोनोंच्या, झिजून पापड झालेल्या सपाता. अंधारात कुणाच्या पायात काय गेलं, ते तिच्या ध्यानात आलं. मग तिने डोंगराकडे पाहिलं. डोंगर नव्हताच. जिथे तो असायला हवा होता तिथे ढगांचा एक मोठा ढीग पडला होता.

"होकू," ती लेकीच्या कानात म्हणाली, "बाबाची रात्रपाळी काही सुटत नाही गं."

दुपारी व्हॅन परतली. आधी अंकल उतरले, चकचकीत बुटांत. मागून मकानी, गुलाबी सपातांत, बोटं जांभळी.

"सूर्य दिसला?"

"ढग दिसला. आतून."

"आणि पाहुणे?"

"उभे होते. आईने गोधडीवरून असा आवाज चढवला, की नंतर साध्या दगडावरसुद्धा कुणी बसेना. उभ्याउभ्या आंटींचे पाव खाल्ले सगळ्यांनी."

"किनाऱ्यावर माझा कोट घातलेल्याच्या मागे मांजरं लागली," अंकल उत्साहाने म्हणाले. "तो विचारतो, हे सहलीत धरलंय का? म्हटलं, हो, मांजरांचे वेगळे पैसे नाहीत."

फोन वाजला. मालकीण. मकानीने फोन लेहुआच्या हातात कोंबला.

"व्हॅनमध्ये कोण माणसं भरली होती?" मालकीण कडाडली.

"कोट ओले होते," लेहुआ चाचरली, "म्हणजे... कोटांबरोबर माणसं आली."

मग मालकीण म्हणाली, "सूर्य दिसला नाही म्हणून सगळे पैसे परत मागतील, असं धरून बसले होते मी. तर म्हणतात, इतकी मजा कधी आली नाही. सांग मकानीला, नोकरी पक्की. पण कोट ओले होते म्हणून या वेळी सोडते हं. पुन्हा घरचं माणूस व्हॅनमध्ये दिसता कामा नये."

लेहुआने सगळ्यांना सांगितलं. मकानी तिथेच जमिनीवर आडवा झाला, होकूला छातीवर घेतलं आणि तिला झोपवता झोपवता स्वतःच आधी झोपला. होकू जागीच होती. उशी आज स्वतःहून आपल्या खाली कशी आली, याचा ती विचार करत असावी.

टूटू गोधडीची घडी घालून अंगणात गेली. दोरीवरच्या एका कोटाची बाही तिने दाबून पाहिली.

"पुढची सहल कधी गं?"

"शनिवारी, टूटू. तोवर वाळतील कोट."

टूटूने एकदा बाहीकडे पाहिलं, एकदा डोंगराकडे, आणि मुकाट्याने नळाखाली बादली लावली.