राजकन्येला लागलेली मिरची

"दाजी, भाचा राजकन्या वाची ऱ्हायना!" भटू ओट्यावरूनच ओरडला आणि रूपचंदचा चहा बशीतच राहिला.

भटू म्हणजे रूपचंदच्या बायकोचा भाऊ. गावात त्याचं सिमेंटचं दुकान होतं, आणि तोंड दुकानापेक्षा मोठं. दाजींची फजिती त्याच्या हाती लागली की दिवस मावळायच्या आत पारावर पोचलीच म्हणून समजा. रूपचंदने वळून पाहिलं. पाचवीतला अजित खाटेवर पालथा पडून शाळेतलं पुस्तक वाचत होता. गुलाबी पुठ्ठा, वर वेणी घातलेली राजकन्या. रूपचंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दे आठे! पोरीस्नं पुस्तक शे ते."

"पप्पा, मन्हं आजून वाचानं बाकी शे ना!"

"कुस्तीनं वाच, ट्रॅक्टरनं वाच!"

"बदलीच आना दाजी," भटू म्हणाला. "नही त लोके भाचाले राजकन्याच म्हनतीन."

रूपचंद पुस्तक हिसकावून तसाच शाळेत गेला. ममता मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, यात वाईट काय आहे, ते पान दाखवा. लगेच बदलून देते."

पान दाखवायचं तर वाचणं आलं! रूपचंद पुस्तक सदऱ्यात खुपसून कामावर गेला. नंदुरबार रस्त्याला मिरची वाळवायची मोठी पथारी होती, तिथे तो मुकादम होता. चहूकडे लाल मिरची वाळत पडलेली. एका पोत्याआड बसून त्याने दोष शोधायला सुरुवात केली.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. 'घोड्यावर बसणं पोरींचं काम नव्हे,' असं राजा म्हणत होता, आणि राजा मोठा शहाणा आहे, असं रूपचंदचं मत झालं. पण मग घोडीचं शिंगरू कोरड्या विहिरीत पडलं. शिपाई काठावर उभे राहून नुसतीच चर्चा करत बसले, आणि राजकन्या कमरेला दोर बांधून खाली उतरली. राजा वरून हाका मारू लागला. ती खालून म्हणाली, "बाबा, याला एकट्याला कसं सोडू?"

 रूपचंदने डोळे पुसले ते मिरचीच्या हातांनी, आणि मग विचारू नका.

"काय व्हयनं भाऊ?" देठ खुडता खुडता गुलाबबाईने विचारलं.

"मिरची लागनी."

इतकी वर्षं पथारीवर काढलेल्या माणसाला मिरची लागली, याचं गुलाबबाईला फार नवल वाटलं.

इकडे पुस्तकात दोराचा पीळ सुटू लागला होता. रूपचंद पान उलटणार, तोच भटूची मोटारसायकल समोर उभी. त्याने पुस्तक घाईघाईने मिरचीच्या ढिगात कोंबलं.

"बदलं का?"

"जाईच ऱ्हायनू!"

"चला, मी बी येस."

आता इलाज नव्हता. पुस्तक ढिगातून उपसावं लागलं, शेवटची पानं तशीच राहिली, आणि दाजींची वरात शाळेत पोचली.

"कोणतं पान?" मॅडमनी विचारलं.

"सगळंच," रूपचंद पुटपुटला.

मॅडमनी पुस्तक उघडून फडफडवलं. नाकात ठसका गेला, डोळ्यांतून धारा लागल्या. दारातली पोरं थक्क झाली. मॅडम रडतात! खुद्द मॅडम!

"मॅडम, माले द्या! माले!"

मुलींच्या आधी मुलगेच तुटून पडले. त्यात सगळ्यांत पुढे होता गोकुळ, भटूचा पोरगा. पुस्तक त्यानेच पटकावलं. भटूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एरवी रूपचंदने तो पारावर नेऊन सगळ्यांना दाखवला असता. पण त्याचा जीव विहिरीत अडकला होता.

घरी अजित बदलून आणलेलं कुस्तीचं पुस्तक उशाला घेऊन आढ्याकडे बघत पडला होता. रूपचंदलाही घास घशाखाली उतरेना. तो दोर तुटला की धरला? पोराला विचारावं, तर त्याच्याही हातून आपणच हिसकावून घेतलेलं! त्याला मनापासून वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी शेवटी तो भटूच्या दुकानात गेला, खिळे घ्यायच्या निमित्ताने.

गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं होतं. भटू गल्ल्यामागे मान खाली घालून बसला होता. डोळे लालबुंद, नाक ओलं.

"काय व्हयनं रे?"

"मिरची लागनी," भटू म्हणाला.

रूपचंदने दुकानभर नजर फिरवली. जिकडेतिकडे सिमेंटच्या गोण्या होत्या. तो भटूच्या शेजारच्या गोणीवर बसला आणि मान लांब करून हळूच विचारलं, "दोर तुटना का?"

"दम धरा दाजी," भटूने नाक ओढत पान उलटलं. "मी आजून त्या पानलोंग पोचनू नही."