वेनबरीचे देवस्थळी

आमच्या शेजारच्या देवस्थळींना सिंगापुरातल्या आमच्या हौगांगमधलं पोस्ट ऑफिस कुठे आहे, हे इथे तीस वर्षं राहूनही धड सांगता येत नाही. पण इंग्लंडच्या किनाऱ्यावर वेनबरी नावाचं एक चिमूटभर गाव आहे, तिथल्या पोस्टाच्या दाराची मूठ पितळेची होती की लोखंडी, यावर ते तुम्हाला जेवणाच्या वेळेपर्यंत बसवून ठेवतील. मूठ पितळेची होती. मला हे माहीत असण्याचं काही कारण नाही, पण शेजार काही आपण निवडत नाही.

देवस्थळी जहाजावरून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. सगळा ब्लॉक त्यांना 'चीफ' म्हणतो, आणि ते ब्लॉकला इंजिन रूम समजतात. लिफ्टचा आवाज बदलला की टाउन कौन्सिलला पत्र जातं. आम्ही दोन हजार तेरात त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा त्यांची पत्नी, नलिनीकाकू, जाऊन वर्ष झालं होतं. मूलबाळ नाही. हॉलमध्ये काकूंचा एकच फोटो, तोही पासपोर्टचा मोठा केलेला, त्यामुळे काकू कायम इमिग्रेशनच्या काउंटरसमोर उभ्या असल्यासारख्या दिसायच्या.

मी पाया लेबारला एका कंपनीत आयटी मॅनेजर आहे, असं मी पहिल्याच दिवशी सांगून बसलो. चीफनी त्याचा अर्थ 'प्रिंटर दुरुस्त करतो' असा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर.

"निखिल, तू कॉम्प्युटरवाला ना? एक फोटो मोठा करून पाहिजे. मला माणसं बघायचीत, मागची."

तेव्हापासून माझे रविवार गेले. एक वेबसाइट आहे. इंग्लंडातल्या गावांचे जुने फोटो लोक तिथे चढवतात आणि खाली ज्याने त्याने आपापल्या आठवणी लिहायच्या, असा तो कारभार आहे. म्हातारे साहेब आणि मडमा 'आमची शाळा', 'आमचं चर्च' म्हणून गहिवरतात. तिथे वेनबरीच्या पानावर चीफ तळ ठोकून बसलेले. इंग्रजांनी आपल्याला दीडशे वर्षं छळलं, त्याचा हिशेब चुकता करायला नियतीने देवस्थळींना नेमलं असावं.

कीथ नावाचा कुणी गृहस्थ, जन्म वेनबरीचा, बाप वेनबरीचा, आजा तिथल्याच चर्चच्या आवारात पुरलेला. त्याने प्रेमाने लिहिलं की, बेकरी चढावाच्या उजव्या हाताला होती. चीफनी एका बोटाने टाइप करून, सगळी अक्षरं कॅपिटल ठेवून उत्तर दिलं: बेकरी डाव्या हाताला होती. उजव्या हाताला लोकरीचं दुकान होतं, त्यात करड्या रंगाची मांजर होती, ती फक्त काचेतल्या टोपलीत बसायची. नोंद दुरुस्त करावी.

हे 'नोंद दुरुस्त करावी' चीफच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी. लग्नाच्या आमंत्रणालाही ते बहुधा हेच उत्तर देत असतील.

कीथने आठ दिवसांनी कबूल केलं की बेकरी डाव्याच हाताला होती. कुणा बाईने विचारलं, हे देवस्थळी घराणं मूळचं वेल्सचं का? चीफनी उत्तर दिलं, नाही, रत्नागिरीचं.

"चीफ, तुम्ही किती वर्षं होता हो तिथे?" मी विचारलं होतं.

"एकोणीस दिवस."

"वर्षं विचारली मी."

"मी दिवस सांगितले."

गोष्ट अशी की, ऐंशीच्या दशकात चीफ सेकंड इंजिनिअर होते. नवीन लग्न झालेलं, आणि कंपनीने बायकोला एका सफरीवर बरोबर न्यायची परवानगी दिली होती. वाटेत इंजिनने मान टाकली, जहाज वेनबरीला ओढून नेलं, आणि जर्मनीहून पार्ट येऊन काम होईपर्यंत एकोणीस दिवस तिथेच अडकलं. बस्स. एवढ्या भांडवलावर हा माणूस गेली काही वर्षं एका अख्ख्या इंग्रजी गावाच्या चुका काढत होता. मी पुण्याचा असूनही मला त्यांच्यापुढे नम्र व्हावंसं वाटलं.

फोटो बघायचीही त्यांची तऱ्हा. सगळं जग फोटोत पुढे काय आहे ते बघतं. हे भिंग घेऊन स्क्रीनला नाक लावणार आणि मागच्या गर्दीतली ठिपक्याएवढी माणसं तपासणार. मग निकाल: "आधीचा आहे. धक्क्यावरचा दिवा जुना आहे." किंवा, "नंतरचा. बाकाला हिरवा रंग दिलाय. पुढचा घे." महापालिकेत सुद्धा अर्ज इतक्या वेगाने फेटाळत नाहीत.

फोटोंचं काम संपलं की कॉफीला खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत. तिथे दुसरा छळ. सिंगापुरात जेवायच्या जागेवर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा धरली, याला इथे 'चोप' म्हणतात, आणि हा कायदा राज्यघटनेपेक्षा काटेकोर पाळला जातो. चीफना टिश्यू मान्य नाही. ते खिशातून चौकटीचा सुती रुमाल काढतात, घडी मोडून शेजारच्या स्टुलावर व्यवस्थित पसरतात. माझ्यासाठी नव्हे. मी समोर बसतो. तो स्टूल रिकामाच. रविवारी दुपारी माणसं वाडगे हातात धरून ताटकळत उभी, आणि एका अख्ख्या स्टुलावर देवस्थळींचा रुमाल आराम करतोय.

टेबलं पुसणारी आंटी एकदा वैतागलीच. "अंकल, एव्हरी संडे नोबडी कमिंग वन. यू चोप फॉर हू?"

"कमिंग," चीफ शांतपणे म्हणाले.

मी घरी येऊन मेधाला म्हटलं, या माणसाला शेजारी कुणी बसलेलं चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मेधा म्हणाली, "तू तरी बसतोस ना समोर?" बायका असे प्रश्न विचारतात.

मी बसत होतो, पण चांगल्या मनाने नव्हे. मला चीफची गंमत वाटायची, आणि ऑफिसात सोमवारी सांगायला एक किस्सा मिळायचा. त्यातून एका रविवारी मी जास्त शहाणपणा केला. चीफ टाइप करत होते: मंगळवारी बेकरीतून मनुक्यांच्या पावाचा वास थेट धक्क्यापर्यंत यायचा, पोस्टातली बाई दुपारी विणकाम करायची, चर्चमागच्या पायऱ्या एकशे चार, पण एक मोडकी होती म्हणून काही लोक एकशे तीन मोजायचे.

मी म्हटलं, "चीफ, एक विचारू? सकाळी बेकरी, दुपारी पोस्ट, संध्याकाळी पायऱ्या मोजायच्या. मग जहाज दुरुस्त कोण करत होतं? मांजर?"

चीफ हसतील असं वाटलं होतं. त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं.

"आज पुरे," ते म्हणाले. त्या दिवशी कॉफीसुद्धा झाली नाही.

पुढचा रविवार आला, चीफ आले नाहीत. त्याच्या पुढचाही गेला. सुटलो, असं मी मेधाला म्हटलं, आणि मग दर दहा मिनिटांनी दाराकडे बघत बसलो. शेवटी न राहवून मीच त्या वेबसाइटवर गेलो, तर वेनबरीच्या पानावर नवा फोटो. कुणा बाईने वडिलांच्या पेटीतल्या स्लाइड्स सापडल्या म्हणून चढवला होता. खाली कुणाचं काही लिहिलेलं नव्हतं. मी लॅपटॉप उचलला आणि शेजारची बेल वाजवली.

चीफनी फोटो बघितला. धक्का, नवा दिवा, तपकिरी बाक. त्यांनी भिंग काढलं नाही. बाकावर एक मुलगी बसली होती. साडी, वर पुरुषी मापाचा जाडजूड कोट, बाह्या हातापेक्षा लांब. चेहरा समुद्राकडे नव्हता. गोदीकडे होता, जिथे एका जहाजाची चिमणी दिसत होती.

"हीच," ते म्हणाले. "कोट माझा आहे."

मी भिंतीवरच्या पासपोर्टकडे बघितलं. तीच भुवई. पण इथे वय जेमतेम तेवीस.

मग चीफ बोलले, नेहमीच्याच आवाजात, मीटरचं रीडिंग सांगावं तसं.

"तू विचारलंस ते बरोबर होतं. मी वेनबरी बघितलंच नाही. सोळा-सोळा तास इंजिनमध्ये. ती एकटीच गावात फिरायची आणि रात्री केबिनमध्ये मला सांगायची. मांजर, पाव, पायऱ्या, सगळं तिचं. फोटोही काढले होते तिने, एक रोल भरून. कॅमेऱ्याचा खटका अडकला. मी म्हटलं, बघतो. डेकवर, भर उन्हात मागचं झाकण उघडलं. इंजिनिअर मी. उघडल्याशिवाय कळणार कसं काय बिघडलंय?"

"सगळे गेले?"

"सगळे. दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, जाऊ दे, मला आठवतंय ना. आणि होतंच तिला आठवत. पंचवीस वर्षं सांगत होती, तोवर मला लक्षात ठेवावं लागलं नाही. ती गेल्यावर एक दिवस मला मांजरीचा रंग आठवेना. वहीत लिहून काय उपयोग? वहीत चुकलं तर सांगणार कोण? तिथे निदान तो कीथ भांडतो."

मी चार वर्षं ऑफिसात या माणसाचे किस्से सांगत होतो. मला माझीच लाज वाटली, आणि ती लपवायला मी फोटो मोठा करत बसलो. त्यामुळे दिसलं ते मला आधी दिसलं.

बाकावर तिच्या शेजारच्या जागेवर चौकटीचा रुमाल पसरला होता. नीट, चारही कोपरे ओढून. वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक दगड.

अख्ख्या धक्क्यावर दुसरं माणूस नव्हतं. तो बाक धरून ठेवायची काही गरज नव्हती. पण एसटीत, नाटकाला, लग्नाच्या पंगतीत ज्यांनी जन्मभर रुमाल टाकून आपल्या माणसाची जागा धरली, त्यांना ती इंग्लंडातही रिकामी कशी सोडवणार?

चीफ कितीतरी वेळ त्या रुमालाकडे बघत होते.

"तीन वाजता येतो म्हटलं होतं मी," ते म्हणाले. "एक दिवस. पार्ट आला होता, बसवायला घेतला, राहून गेलं. रात्री म्हटलं, सॉरी. ती म्हणाली, छे, मी कुठे थांबले, मी बेकरीत गेले होते." त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "नलूने हे एकच खोटं सांगितलं मला."

फोटोखाली त्या बाईने मथळा दिला होता: धक्क्यावर एकटी बसलेली परदेशी स्त्री, नाव माहीत नाही.

चीफनी टाइप करायला बोट पुढे केलं, मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तू लिही," ते म्हणाले. मी लिहायला घेतलं. त्यांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत उतरवत गेलो, सगळी अक्षरं कॅपिटल ठेवून.

"लिही. नाव नलिनी देवस्थळी. दुपारी तीननंतरचा फोटो आहे."

"लिहिलं."

"मथळ्यात 'एकटी' म्हटलंय, ते चूक आहे. शेजारची जागा रिकामी नाही. धरलेली आहे." मग म्हणाले, "नोंद दुरुस्त करावी."

त्यानंतर आम्ही खाली कॉफीला गेलो. चीफनी रुमाल पसरला. वाडगा घेऊन उभ्या असलेल्या एका माणसाने त्या स्टुलाकडे बोट केलं, तेव्हा चीफच्या आधी मीच म्हणालो, "कमिंग."