तान्ह्यांच्या काट्याचा पासंग

श्री. तान्ह्या जिवांची राखण करणारी जी आदिमाता, तिचे चरणी माथा ठेवून, एके मुलुखी जे वर्तमान घडले ते जाणत्यांचे तोंडून ऐकिले तैसे येथे लिहिले असे. राज्याभिषेकाचे बाविसावे वर्ष, कीलक नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी गादीवर राणीसाहेब होत्या आणि त्यांची मर्जी लेकरांवर फार. म्हणोन त्यांनी गावोगाव बालघरे बांधिली, आणि प्रत्येक बालघरी एक सेविका नेमिली, आणि दर पौर्णिमेस गावची सारी तान्ही झोळीत घालून काट्यास टांगावी, आणि जे मूल वयाचे मानाने उणे भरेल त्यास सरकारातून रोज दूध व नाचणीची पेज चालावी, ऐसा शिरस्ता घातला. आणि सेविकांस शिकविण्याचे काम आवडाबाई म्हणोन एक पोक्त बाई करीत असे. तिची रीत काय वर्णावी! गावी यावे, सेविकेचेच घरी आठ रोज उतरावे, तिचीच भाकरी खावी, पहिले दोन रोज भिंतीस टेकून नुसते पाहत बसावे, आणि मग तिसरे रोजी हळूच म्हणावे, "हात दाखव गं, पोराची मान कशी धरतेस?" आणि चुकले तर चारचौघींत बोलू नये, आपले हाताने धरून दाखवावे, आणि निघताना म्हणावे, "महिन्याने येते, तोवर कुठं कुठं अडतंय ते ध्यानात ठेव," आणि खरोखरीच महिन्याने यावे. तिचे कनवटीस खारका असत आणि पोरे वेशीपासून तिचे मागे धावत, आणि काट्याची साखळी खुळखुळली की बाया हातचे काम टाकून बालघरी जमत. आता ती साखळी कोठे, आणि त्या बाया तरी कोठे!

मग जाहले ऐसे की राज्य वाढले, गावे वाढली, आणि आवडाबाई एकटी. शिक्षणखात्याचे कारभारी त्रिंबकपंत म्हणोन मोठे कर्तबगार आणि मनाचे चांगले गृहस्थ होते, त्यांनी हुजूर अर्ज केला की, "एक म्हातारी किती गावे चालणार? राजधानीत शिक्षणमहाल बांधू, चाळीस चाळीस सेविका एकदम बोलावू, आणि तीन रोजांत तयार करून पाठवू." गोष्ट पटण्याजोगी होती. राणीसाहेबांनी मान डोलाविली, महाल उभा राहिला, आवडाबाईस शालजोडी देऊन घरी बसविले, आणि जुन्या लुगड्याचे झोळीऐवजी जाड शिडाचे कापडाची, पितळी कड्यांची नवी सरकारी झोळी गावोगाव निघाली.

पहिले चाळिसांत मथुराबाई म्हणोन एक तरुण, नव्यानेच नेमिलेली सेविका होती. तिची लेक बयजा आठ महिन्यांची, अंगावर पिणारी, म्हणोन कडेवर घेऊनच ती महालात दाखल जाहली. आत गालिचे, गुलाबपाणी, आणि मधोमध झळझळीत काटा, त्यास नवी झोळी, आणि झोळीत चिंध्यांची सुबक बाहुली आधीच टांगिलेली. त्रिंबकपंत काठीने एकेक भाग दाखवीत समजावू लागले आणि इतक्यात बयजाने जो टाहो फोडिला तो थांबेना. पंत कळवळून म्हणाले, "बाई, लेकीस तेवढे बाहेर न्या. येथे लेकरे तोलण्याचे शिकवणे चालले आहे." बाकीच्या साऱ्याजणी पदर तोंडास लावून हसल्या, आणि मथुराबाई ओसरीवर जाऊन बसली, आणि खिडकीतून जेवढे दिसले तेवढे शिकली. बाहुली मात्र तीन रोजांत एकदाही रडली नाही, वळवळली नाही की भिजली नाही. चौथे रोजी सर्वांस बुंदीचे लाडू आणि तांबड्या शिक्क्याची सनद मिळाली, आणि ज्या त्या आपले गावी गेल्या, आणि कोण काय करते हे पाहावयास मागाहून कोणी आले नाही.

मग दोन पौर्णिमा गेल्या आणि नवल वर्तले. चाळीस गावांचे तक्ते हुजूर आले, त्यांत उणे मूल औषधालाही नाही! नौबत झडली, पंतांस मानाची पगडी जाहली. मथुराबाईचे गावी अकरा लेकरांस पेज चालत होती, ती अकराही आता पुरी भरली, म्हणोन तिने आपले हातानेच त्यांची नावे खोडिली आणि पेज बंद केली. बारावी बयजा. तिचे दूध तुटून वर महिना जाहला होता, पुरे आठ शेर भरली म्हणोन तिलाही पेज नाही. परंतु मथुराबाई आई होती आणि तिचे डोळे लेकीवरून हलत नसत. तिने पाहिले की बयजाचे हातातल्या मनगट्या कोपराकडे चढू लागल्या, आणि निजलेली उचलली की हातास भार लागेना. तिने लगतचे गावची, तिचेबरोबरच महालात शिकलेली सेविका भिकूबाई हीस सांगितले, तो ती म्हणाली, "अगं, पहिलटकरणीचं मन असंच असतं. शिंक आली तरी वैद्य! काटा आठ दाखवतो ना? मग तू कोण मोठी काट्याहून?" तरी मथुराबाईचे म्हणण्यावरून तिने बयजास तोलून पाहण्याचे कबूल केले. तोलिले, आठ भरली. भिकूबाई म्हणाली, "बघ!" आणि मथुराबाईने मापे काढिली, आणि एरवी पोरासकट झोळीच सोडवीत, ती भिकूबाईने आज टांगलेलीच ठेवून पोर तेवढी वरचेवर उचलली. तो काय, झोळीत कोणी नाही, समोरचे पारडे मोकळे, आणि काटा आपला झोळीकडे झुकलेला! दोघी पाहतच राहिल्या. मथुराबाईने समोरचे पारड्यात अर्ध्या शेराचे माप ठेविले आणि काटा सरळ उभा राहिला. "बाई गं," ती खाली बसली, "अर्धा शेर झोळीच तोलत होते मी. अकरा पोरांची पेज तोडली!"

भिकूबाईने दार लोटून घेतले आणि दबक्या सुराने म्हणाली, "कुठं बोलू नकोस. सनद जाईल. म्हणतील, बायांना तोलताच येत नाही." मथुराबाई म्हणाली, "सनद जाते तर जाऊ दे. इथं पोर चाललीय माझी." आणि तेच पावली लेकीस काखेत मारून ती आवडाबाईकडे गेली. म्हातारीने सारे ऐकून घेतले आणि कपाळास हात लाविला. "अगं, पासंग! मूल घालायच्या आधी रिकामी झोळी टांगायची, तिच्या भाराचा धोंडा पलीकडं बांधायचा, काटा सरळ झाला की मग पोर. हे शिकवलंच नाही?" "बाहुली आधीच टांगलेली होती," मथुराबाई म्हणाली. मग म्हातारी उठली, चपला घातल्या, आणि दोघी हुजूर आल्या.

दरबार भरला होता. त्रिंबकपंत अदबीने म्हणाले, "सरकार, शिकवण्यात कसूर नाही. काट्याचे बावीस भाग आम्ही पढविले." राणीसाहेबांनी विचारिले, "आणि पासंग?" पंत म्हणाले, "तो शब्द बोलण्यात येतो, सरकार, तो करावयाचाही असतो हे ठाऊक नव्हते." तेव्हा महालाचा वृद्ध फरास, जो गालिचे अंथरून काटा मांडून ठेवीत असे, तो पुढे येऊन म्हणाला, "पासंग मी बांधीत होतो, सरकार. पहाटेच उरकून ठेवायचो, बायांचा खोळंबा नको म्हणून." पंतांनी नवी पगडी उतरून हाती घेतली. राणीसाहेब मथुराबाईस म्हणाल्या, "बाई, तूच सांग, काय करावे?" मथुराबाई बोलली, "सरकार, आधी अकरा घरची पेज आजच्या आज सुरू करावी. मग शिकवायचं ते ज्याच्या त्याच्या गावी, ज्याच्या त्याच्या काट्यावर, रडत्या पोरासकट शिकवावं. मांडामांड आमच्याच हातून करून घ्यावी. आणि शिकवणाऱ्याने महिन्याने परत यावं, आम्हाला चुकायला भीती वाटू नये असं." राणीसाहेबांनी तसेच लिहून शिक्का केला, आणि फरासास हुकूम दिला की काटा आण.

मग भर दरबारी मथुराबाईने स्वतः रिकामी झोळी टांगिली, धोंडा बांधिला, आणि काटा उभा राहिला तेव्हा बयजास आत ठेविले. पोर किंचाळू लागली, यावेळी तिला बाहेर न्या ऐसे कोणी म्हटले नाही. मापे चढली आणि फरासाने पुकारिले, "साडेसात शेर, उणे!" दरबारात हळहळ जाहली. मथुराबाई मात्र तो आकडा ऐकून हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली, कारण तिचे हातास इतके दिवस जे कळत होते ते आज काट्यासही कळले होते, आणि बयजाची पेज त्याच सायंकाळी सुरू होणार होती.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. पुढे चाळीस गावी फेरतोल होऊन दोनशे सात लेकरे उणे भरली आणि दोनशे सातांसही पेज पोचली. त्या राणीसाहेब गेल्या, आवडाबाई गेली, बालघरांवर नवी कौले चढली. तो काळ सरला, परंतु ज्यांनी पाहिला ते अजून बोलतात. वाचणाराने आपले घरचे लेकरू उचलून पाहावे. लेखनसीमा.