टेक्निकलराव आणि योग्य ड्रायव्हर

ऑफिसच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्यांनी एकदा न फाडता बाहेर काढला, तेव्हापासून त्यांना सगळे टेक्निकलराव म्हणत. लोक हे थट्टेने म्हणतात, असं त्यांच्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं.

"तुझा कॉम्प्युटर मंद नाही गं, त्याचा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम, म्हातारा झालाय," रविवारी ते बायकोला म्हणाले. "चहा निवायच्या आत नवा टाकून देतो."

"हातही लावू नका. संध्याकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आराखडा बघायला येतायत."

बायको लोकांच्या स्वयंपाकघरांचे आराखडे करायची. नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू केल्यावर डॉक्टरीणबाई हे पहिलंच गिऱ्हाईक. ते हातचं गेलं तर पुन्हा त्याच खडूस साहेबाच्या दारात उभं राहायची पाळी होती. स्क्रीनवर स्वयंपाकघर फिरवताना ते जरा अडखळे, एवढंच काय ते दुखणं.

बायको कपाटांवर लावायच्या लॅमिनेटचे नमुने आणायला बाहेर पडली आणि टेक्निकलराव खुर्चीत जाऊन बसले.

वेबसाइटने आधी ग्राफिक्स कार्डाचं नाव विचारलं. ते कॉम्प्युटरच्या पोटात कुठेतरी लिहिलेलं असणार, पण पोट उघडायचं म्हणजे स्क्रू काढणं आलं. त्यापेक्षा त्यांनी यादीतलं सगळ्यांत भारदस्त नाव निवडलं. मग जुना ड्रायव्हर आधी काढून टाका, अशी सूचना आली. ती मात्र त्यांनी तंतोतंत पाळली. त्याबरोबर स्क्रीनवरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी झाली. नव्या ड्रायव्हरने हे कार्ड आपलं नव्हे म्हणून हात झटकले, तेव्हा त्यांनी 'तरीही बसवा' दाबलं. स्क्रीन काळा पडला, आणि उजळला तेव्हा सगळं चित्र उलटं होतं!

माउस उजवीकडे न्यावा तर बाण डावीकडे पळे. त्यांनी दिसेल ते बटण दाबून पाहिलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चित्र आपलं खाली डोकं वर पाय. बायको आता परत येणार, आणि तिला काय सांगायचं, या विचाराने त्यांना अगदी रडू फुटायचं बाकी होतं.

"जावईबापू, तो डबाच उलटा करा की," मागे भाजी निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"आई, हे टेक्निकल काम आहे."

तेवढ्यात बायको आली. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती नमुने टेबलावर ठेवून घड्याळाकडे बघू लागली. तिचे डोळे भरून आले होते. टेक्निकलरावांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बेल वाजली. मग मात्र डॉक्टरीणबाईंना दार उघडण्याआधी तिघांनी मिळून मॉनिटर उचलला, उलटा केला आणि भिंतीला टेकवून दोन्ही बाजूंनी लॅमिनेटच्या नमुन्यांची टेकणं लावली.

आणि काय आश्चर्य, स्वयंपाकघर सुळकन फिरू लागलं. बायको कप्पे समजावत होती, टेक्निकलराव माउस धरून चित्र फिरवत होते, डॉक्टरीणबाई मान डोलवत होत्या. टेक्निकलरावांच्या जिवात जीव आला.

तोच कोपऱ्यात एक चौकट उघडली: 'तुमच्या कार्डासाठी योग्य ड्रायव्हर सापडला आहे. बसवायचा?'

"नको," बायको पुटपुटली. पण टेक्निकलरावांचं बोट सवयीने 'हो'वर पडलंही होतं.

कार्डाने योग्य ड्रायव्हर ओळखला. चित्र सरळ झालं, म्हणजे उलट्या मॉनिटरवर पार उलटं झालं. शेगडी छताला लटकली, सिंक वर गेलं. बायकोने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाईंनी मान वाकडी केली. "चालू द्या," त्या म्हणाल्या. "माझं आयुष्य लोकांची तोंडं उलटी बघण्यातच चाललंय. तो कोपऱ्यातला कप्पा तेवढा मोठा करा. काम तुम्हालाच दिलं."

बायकोने डोळे उघडले.

"फक्त एक विचारते," टेक्निकलरावांकडे बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कपाटं बसवायला हे येणार नाहीत ना?"

"नाही," बायको म्हणाली.

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

टेक्निकलरावांनी माउस हळूच टेबलावर सोडला आणि मान खाली घालून तेही म्हणाले, "नाही."