लग्नात फुटबॉलचं नाव नाही!

तोंड बंद ठेवण्यात अवघड ते काय आहे हो? मी वेन्डल क्रायडर, अलाबामातल्या क्लँटन गावात टायरचं दुकान चालवतो. दिवसभर गिऱ्हाइकं येऊन टायर कसा पंक्चर झाला याच्या कहाण्या सांगतात आणि मी 'हो का? अरे अरे!' म्हणत ऐकून घेतो. गप्प बसण्यात आपला हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नाही! म्हणून माझ्या लेकीनं, मेरिटनं, लग्नाआधी अट घातली तेव्हा मी खो खो हसलो.

"हसू नका डॅडी," ती म्हणाली. "लग्नाच्या गडबडीत तुमच्या तोंडून फुटबॉलचा एक शब्द जरी निघाला, तर चर्चमध्ये माझा हात धरून तुम्ही यायचं नाही. डॉइलमामा येतील."

माझं हसू जागच्या जागी गोठलं. डॉइल म्हणजे माझा मेव्हणा, बायकोचा सख्खा भाऊ. तसा माणूस बरा आहे, पण ऑबर्नचा! आमच्याकडे पोरगं धड बोलायला लागायच्या आत त्याला ठरवावं लागतं, अलाबामा की ऑबर्न. दोन्ही आमच्याच राज्यातली कॉलेजं, आणि त्यांचे फुटबॉल संघ हाडवैरी. मी अलाबामाचा. आम्ही दोघंही कुठल्याच कॉलेजात गेलेलो नाही, पण त्याचा इथे काय संबंध? आणि मेरिट जन्मली त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीची वाट पाहत होतो. पांढऱ्या झग्यातल्या लेकीचा हात धरून बाकांच्या मधून वेदीपर्यंत चालायचं! दुकानात कुणी नसलं की मी झाडू हातात धरून टायरांच्या दोन रांगांमधून चालण्याचा सरावही करायचो. एकदा पोस्टमननं पाहिलं. तो बिचारा पत्रं टायरवर ठेवून आल्या पावली परत गेला.

"कबूल!" मी म्हणालो. "फुटबॉल? तो काय असतो?"

मेरिटनं मुहूर्तही शहाणपणानं धरला होता, जून महिन्याचा. आमच्याकडे शरद ऋतूतल्या शनिवारी, म्हणजे सामन्यांच्या दिवशी, लग्न करायचं नसतं. केलंच, तर आहेर येतात, माणसं येत नाहीत. पास्टरसुद्धा कानात रेडिओ घालून येतो.

आता आदल्या संध्याकाळच्या जेवणाचं ऐका. ते मुलाकडच्यांनी द्यायचं असतं. आमचा जावई नेट ओहायोचा, तिथून त्याची वऱ्हाडी मंडळी आली होती. पण चर्चचा हॉल आमचा, गाव आमचं, म्हणून कुणाला कुठं बसवायचं ते काम मी अंगावर घेतलं. आणि काय डोकं चालवलं म्हणता! अलाबामावाले उजव्या भिंतीशी, ऑबर्नवाले डाव्या भिंतीशी, आणि उत्तरेकडचे सगळे पाहुणे मधल्या लांबलचक टेबलावर. म्हणजे आपोआप मध्ये भिंत उभी राहिली! ठिणगी पडणार कुठून?

माझी बायको लोरीन म्हणाली, "वेन्डल, ती माणसं आपापसात नीट आहेत ना रे? एकदा नेटला विचार तरी."

"अगं, उत्तरेकडचे सगळे सारखेच!" मी म्हणालो. "थंडीनं गारठलेली साधी माणसं. त्यांना कसली आलीय भांडणं?"

अस्सल अलाबामावाल्याशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायची नाही. भांडण म्हणजे अलाबामा आणि ऑबर्न, एवढंच आम्हाला ठाऊक. बाकीच्या जगात लोक एकमेकांशी का भांडतील, हे आमच्या डोक्यातच येत नाही.

तर मी नेटच्या वर्ना आजीला बसवलं मधल्या टेबलाच्या मानाच्या खुर्चीवर. त्या घरात आजीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द! आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसवलं गेरिटला, म्हणजे नेटच्या आत्याच्या नवऱ्याला. गेरिट मिशिगनचा. आजी ओहायो स्टेटची. म्हणजे तिकडचे अलाबामा आणि ऑबर्नच! बसा बोंबलत!

सुरुवात छान झाली. धुरावर भाजलेलं पोर्क, भरली अंडी, थंडगार गोड चहा. आजी म्हणाली, "तुमच्या चहात साखर आहे की साखरेत चहा?" सगळे हसले. मी मनात म्हटलं, वेन्डल, तू या गावाचा मुत्सद्दी आहेस!

तेवढ्यात गेरिटनं तिसऱ्यांदा पोर्क वाढून घेता घेता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "काही म्हणा, कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सगळ्यात जास्त सामने जिंकलेत ते मिशिगननं."

आजीनं काटा खाली ठेवला. "नेट," ती म्हणाली, "तुझ्या आत्याच्या नवऱ्याला सांग, आमच्या सीमेपलीकडच्या त्या लोकांचं नाव मी जेवताना ऐकत नाही."

"चाळीस वर्षं झाली लग्नाला, अजून माझ्याशी थेट बोलत नाहीत या!" गेरिट मला म्हणाला. "तुम्हीच सांगा व्याही, जास्त सामने जिंकणारा मोठा की नाही?"

घ्या! मी तोंड उघडलं. समोरून मेरिट बघत होती. मी पटकन एक भरलं अंडं तोंडात कोंबलं आणि मान नुसती गोल फिरवली. ती हो म्हणून फिरली की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

"जिंकले कुणाशी ते विचारा त्याला!" आजी कडाडली. "पहिली पन्नास वर्षं तर शाळेतल्या पोरांशी खेळत होते!"

"आणि तुम्ही कुणाशी खेळत होता आजी? दवाखान्यातल्या नर्सांशी?"

मी दुसरं अंडं कोंबलं. मग तिसरं. बोलावंसं वाटलं की अंडं, असा मी नियमच केला. दोघांचे आवाज चढत गेले, टेबलाचे दोन तट पडले, ओहायोची मंडळी मिशिगनच्या मंडळींपासून खुर्च्या सरकवायला लागली. माझी भिंत मधोमध दुभंगली!

आणि मग जे व्हायला नको तेच झालं. भांडता भांडता त्या दोघांचं एका मुद्द्यावर एकमत झालं.

"निदान आम्ही दोघं खरी अजिंक्यपदं तरी मोजतो," गेरिट म्हणाला.

"ते मात्र खरं!" आजी म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी थेट बोलली. "ही अलाबामावाली माणसं १९४१ सालचं अजिंक्यपदही आपलंच म्हणतात. दोन सामने हरले होते हो त्या वर्षी! क्रमवारीत विसावे होते! काय हो व्याही?"

माझ्या कानातून वाफ निघत होती. १९४१ वर मी एरवी दोन तास बोलू शकतो! पण माझ्या दोन्ही गालांत अंडी होती, डोळ्यांसमोर पांढऱ्या झग्यातली लेक होती. मी गप्प बसलो. डोळ्यांतून पाणी आलं, पण गप्प बसलो.

आणि डाव्या भिंतीकडून खुर्ची मागे सरकली. डॉइल! मला वाटलं, आता हा टाळ्या पिटणार. अलाबामाची अब्रू चव्हाट्यावर, ऑबर्नवाल्याला आणखी काय हवं?

"आजी," डॉइल म्हणाला, "अलाबामाला शिव्या द्यायचं काम माझं आहे. माझ्या बापानंही तेच केलं. तो आमच्या घरातला मामला आहे! बाहेरच्यांनी त्यात पडायचं नाही!"

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. उजव्या भिंतीनं टेबलं बडवली, डाव्या भिंतीनं बडवली. अलाबामा आणि ऑबर्न एका सुरात "एस! ई! सी!" म्हणून ओरडायला लागले. ते आमच्या दक्षिणेतल्या कॉलेजांच्या गटाचं नाव, आमची कॉन्फरन्स. मधलं टेबल उठून उभं राहिलं. "बिग टेन! बिग टेन!" ही त्यांची कॉन्फरन्स. आता आजी आणि गेरिट हातात हात घालून ओरडत होते! पास्टर प्रार्थना करत होते, पण कुणासाठी ते कळत नव्हतं.

"बास!!" मेरिट खुर्चीवर चढली. तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मी फुगलेल्या गालांकडे बोट दाखवलं. तिची नजर निवळली. "शाबास डॅडी," ती म्हणाली. मी जिंकलो होतो हो! जिंकलो होतो!

इतक्यात आमच्या गुणी जावयानं समजुतीनं तिचा हात धरला. "जाऊ दे ना मेरिट. म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेतेस? आणि तसं इतिहासात बघितलं तर... आजीचं बरोबरच आहे. बिग टेनच जास्त भक्कम."

मेरिट खुर्चीवरून खाली उतरली. अगदी सावकाश.

"पुन्हा बोल."

"म्हणजे एकूण विचार केला तर..."

"एकूण?" असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "१९२६ साली अलाबामाचा संघ आगगाडीनं पार कॅलिफोर्नियाला जाऊन रोझ बाउलचा मानाचा सामना जिंकून आला, ते एकूणात धरलंस? सलग सात वर्षं देशाचं अजिंक्यपद आमच्या कॉन्फरन्सकडे होतं, ते धरलंस? सात, नेट! त्यात एक ऑबर्नचंही होतं!"

"थँक्यू बाळ," डॉइल डोळे पुसत म्हणाला.

"खरं ते खरं," नेट म्हणाला. पोरगा मऊ आहे, पण ओहायोचा आहे. "आजीसमोर मी खोटं बोलणार नाही."

"मग आजीशीच लग्न कर!" आणि मेरिटनं बोटातली अंगठी काढून फेकली. ती थेट केळ्याच्या पुडिंगमध्ये गेली आणि बुडाली.

आजीनं पर्स उचलली. "चला रे, गाड्या काढा!" मेरिट टेबलावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. नेटचा चेहरा पांढराफटक. लोरीननं माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. "वेन्डल! काहीतरी बोल! पोरीचं लग्न मोडतंय!"

धपाट्यानं अंडी घशाखाली गेली. तोंड मोकळं झालं. काय बोलायचं ते मला माहीत होतं. असं वाक्य माझ्या खानदानात कुणी कधी बोललेलं नव्हतं. मी आजोबांची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि खुर्चीवर चढलो.

"आजींचं बरोबर आहे," मी म्हणालो. "बिग टेन हीच इतिहासातली सगळ्यात भक्कम कॉन्फरन्स. आणि १९४१ चं... ते आम्ही जरा ओढूनताणूनच मोजतो."

डॉइल मटकन खाली बसला. उजव्या भिंतीकडे कुणीतरी "देवा रे!" म्हणालं. पण आजीची पर्स हळूच टेबलावर आली.

"तसं नाही हो व्याही," ती एकदम विरघळली. "तुमची पोरंही चपळ असतात. सात वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत." नेट धावला, पुडिंगमध्ये कोपरापर्यंत हात घातला, अंगठी शोधून पुसली आणि मेरिटपुढे गुडघे टेकले. मेरिट रडता रडता हसली. गळाभेटी झाल्या, टाळ्या झाल्या. गेरिटनं सगळ्यांसाठी पुडिंग आणलं. लग्न वाचलं! मी एका वाक्यात वाचवलं!

मेरिट माझ्याकडे आली. मी दोन्ही हात पसरले.

"डॅडी," ती म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर डॉइलमामा चालतील."

"अगं! फुटबॉल बोललो म्हणून? मी तुझ्यासाठीच..."

"बोललात ते माफ आहे डॅडी. पण जे बोललात ना..." तिचे डोळे पुन्हा भरून आले. "सगळ्या गावासमोर! मामा निदान आपल्या कॉन्फरन्सचे तरी आहेत."

दुसऱ्या दिवशी नवा सूट घालून मी चर्चच्या दारात गेलो. दारात पाहुण्यांना जागा दाखवायला आमच्याच गल्लीतला प्लंबर उभा होता. डावीकडची बाकं मुलीकडच्यांची, उजवीकडची मुलाकडच्यांची. मी सवयीनं डावीकडे वळलो, तर त्यानं अदबीनं माझं कोपर धरलं.

"इकडे या वेन्डल," तो हळूच म्हणाला, आणि मला उजवीकडे, ओहायोवाल्यांच्या रांगेत नेऊन बसवलं.

डॉइल ऐटीत माझ्या लेकीचा हात धरून समोरून गेला. वर्ना आजीनं मायेनं माझ्या हातावर थोपटलं आणि विचारलं, "मुलगी छान आहे, नाही? ओळखता का तुम्ही मुलीकडच्यांना?"